शिट्टीआधी पाहायचं, शिट्टीनंतर हलायचं

ती. आत्यास (मैदानावर असल्यास ती. बाईंस),

टाचा जुळवून, छाती पुढे काढून शिरसाष्टांग नमस्कार.

तुझा नवा गुडघा काय म्हणतो हे विचारणार होतो, पण बाबांच्या फोनवरून सगळं कळलं. ऑपरेशनला दीड महिना झाला तरी तू खोलीचा उंबरठा ओलांडत नाहीस, आणि व्यायाम घ्यायला येणारी मुलगी आकडे मोजताना चुकते म्हणून तू तिलाच दोनदा रडवलंस. डॉक्टर म्हणतात, आत्ता चालली नाहीस तर गुडघा असाच आखडून राहील. (बाबा मला म्हणाले, "तूच सांग तिला." थोरल्या बहिणीला ते आजही टरकतात.) पण मी कोण सांगणारा? मी आपली माझी फजिती कळवतो.

मी नोकरीत नक्की काय करतो, असं तू दर वेळी विचारतेस. तर आमच्याकडे एक यंत्र आहे. त्यात चौसष्ट प्रोसेसर, सगळे एका ठोक्यावर पाऊल टाकणारे; थोडक्यात तुझी सातवी अ, फक्त नाकं पुसलेली. लोक प्रोग्रॅम लिहितात ते मात्र हजारो कामगार एकाच वेळी राबताहेत असं धरून. लोकांचा प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवून हे हजारोंचं काम चौसष्टांत वाटून देणारा कंपायलर मी लिहितो. त्यात प्रोग्रॅम लिहिणारे भित्रे. दर ओळीनंतर "थांबा, सगळ्यांचं होऊ दे" असं घालून ठेवतात, आणि यंत्र कामापेक्षा वाटच जास्त बघत बसतं. असले फुकटचे थांबे मी काढून टाकतो. काढता काढता माझा हात जरा सुटला, गरजेचे थांबेही गेले.

नेमकी तेव्हाच समिती आली. आमचा विभाग ठेवायचा की बंद करायचा, हे ती ठरवणार होती. प्रयोग साधा: लोखंडी पत्रा मधोमध तापवला तर उष्णता कशी पसरते? पत्र्याचे चार हजार चौकोन, प्रत्येकाने शेजाऱ्यांचे आकडे बघून आपला बदलायचा. यंत्र तिप्पट वेगाने सुटलं. आमचे साहेब (यांना आम्ही 'लगेच' म्हणतो, कारण त्यांना सगळं लगेच हवं असतं) खुर्चीत ऐसपैस रेलले. तेवढ्यात समितीतल्या एका वयस्कर बाईंनी चष्मा पुसून विचारलं, "उष्णता उजवीकडेच का पळतेय हो? डावीकडचा पत्रा शेजाऱ्यांचा आहे का?"

झालं होतं असं, की एकेका प्रोसेसरकडे बासष्ट-त्रेसष्ट चौकोन, ते तो डावीकडून एकेक उरकत होता. पहिल्याचा आकडा बदलला, दुसऱ्याने तो बदललेलाच पाहिला, तिसऱ्याने दुसऱ्याचा. काही आठवलं का, आत्या? पाचवीत तू शाळेत घेतलेली कवायत! डावीकडचा आधीच वळला, त्याला बघून मी वळलो, मला बघून पुढची अख्खी रांग, आणि पाहुण्यांना आम्ही पाठ दाखवली. दुसऱ्या दिवशी तू मला एकट्याला चाळीस वेळा वळायला लावलंस. "शिट्टीआधी पाहायचं, शिट्टीनंतर हलायचं!" तेव्हा तुझा भयंकर राग आला होता. (घरी तू पुन्हा आत्या झालीस, डोक्यावरून हात फिरवलास, तर मी तुलाही पाठ दाखवली.) समिती गेल्यावर मी कंपायलरला तेच शिकवलं. नवा आकडा आधी बाजूला लिहून ठेवायचा, सगळ्यांचा लिहून झाला की एकच शिट्टी, मग सगळ्यांनी एकदम बदलायचा. बाकीचे थांबे गेले, फेरीमागे हा एक राहिला. तो तुझा.

तुझा,
रांग बिघडवणारा भाचा

ता. क. समिती पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी पुन्हा येणार आहे. या वेळी चुकलो तर विभागाला कुलूप. त्या बाईंना माझं समजावणं काही पटत नाही. तू शिट्टी घेऊन आलीस तर चुटकीसरशी पटेल. लिफ्ट बंद आहे, बत्तीस पायऱ्या आहेत, तेव्हा व्यायाम आजपासूनच.

ता. क. २. तुझ्याशी खोटं बोलताना अजूनही कान तापतात. समिती कालच येऊन गेली. पत्रा दोन्हीकडे सारखा तापला, विभाग वाचला. लिफ्टही चालू आहे. शुक्रवारी कोणीही येणार नाही. पण मला तुला चालताना पाहायचंय, आत्या. त्या शुक्रवारी मी त्या बत्तीस पायऱ्यांतल्या सगळ्यात खालच्या पायरीपाशी उभा असेन, आणि तू शिट्टी मारेपर्यंत हलणार नाही.