शेलारच्या शिंका आणि अंबाडीचा मध

तीर्थरूप ठकुआत्येस,

शेलारहून भाचा केसरीनाथ याचा दंडवत. तुझ्या गुडघ्याला उतार असेल अशी आशा आहे. (नसेल तर आधी गुडघा शेकून घे, मग माझं वाच.)

माझ्या शिंका तुला ठाऊक हायत. कारखान्यात लूमवर (यंत्रमागावर) सुताची धूळ उडाली की शिफ्ट संपेपर्यंत थांबत न्हायत. गेल्या महिन्यात मुकादम म्हणाला, "केसरीभाई, इलाज करो, वरना घर बैठो." बाजूच्या लूमवरच्या रघूने इलाज सांगितला : आपल्याच भागातल्या फुलांचा मध रोज चाटायचा, अंगाला परागांची सवय होते, प्रतिकारशक्ती वाढते, अॅलर्जी पळते.

मी अंबाडीच्या बाजारातून बाटली आणली. पहिला चमचा जिभेवर ठेवला, डोळे मिटले, आणि आत्ये, काय सांगू! करंज फुललेला, जांभळीच्या सावलीत ऊन सांडलेलं, आणि मी तिथे कुणाचाच नोकर न्हाय. एका चमच्याचे चार कधी झाले कळलं न्हाय. (तुझी भाचेसून निशा म्हणते, सहा.) पुढे पुढे लूमचा खडखडाटसुद्धा मला लांबच्या पोळ्यासारखा गुणगुणू लागला. त्या गुंगीत ताण्याचे उभे धागे तुटत गेले आणि हातभर कापड जाळीसारखं निघालं. मुकादम धावत आला. मी शिंकलो, ते त्याच्याच तोंडावर.

निशाने मला डॉक्टरकडे नेलं. ते शांतपणे म्हणाले, "मध खोकल्याला, घशाला बरा. त्यानं अॅलर्जी जाते याला पक्का पुरावा न्हाय. आणि तुम्हाला त्रास सुताच्या धुळीचा. मधमाशी लूमवर बसते काय?" गोळ्या दिल्या, मास्क दिला, धुळीपासून लांब राहा म्हणाले.

मुकादमाने चार दिवस घरी बसवलं. मी गावाबाहेर करंजाखाली जाऊन पडलो. वर खरोखरच्या मधमाश्या, खाली मी. संध्याकाळ झाली तरी एक शिंक आली न्हाय. इतका हलका श्वास किती वर्षांनी घेतला, आठवेना. रडूच आलं. उद्या पुन्हा ड्युटी.

बाकी सगळं ठीक. काळजी करू नको.

तुझा,
केसरीनाथ

ता. क. : ठीक न्हाय. यंदा गणेशपुरीला तुझ्या शेतात भातलावणीसाठी तुला माणूस लागेल काय? चिखलात धूळ नसते. निशाला यातलं काही कळवू नको.

ता. क. २ : निशाने पत्र वाचलं. ती विचारते, माणूस एकच लागेल की दोन?