जीपले हायवेची क्राउन-पिनियन

अहो,

जीप मिस्त्रीनं आणून दिली. चाबी खिळ्याले आहे. चिठ्ठी लिहून राह्यली, कारण तोंडानं सांगाले गेली का तुम्ही आधी तुमच्या बाबांकडे, मामाजींकडे पाहता.

तुम्ही फोन उचलला नाई म्हणून मिस्त्रीनं मले विचारलं, मागच्या एक्सलमध्ये क्राउन-पिनियन, म्हणजे दात्यांची जोडी, जुन्यासारखीच टाकू का हायवेची? जुनीनं जीप चिखलातून निघते, पण चाळीसच्या वर गेली का इंजिन बोंबलते. गडचांदूरले माझ्या आईले पाहाले जाऊ म्हटलं का तुमचं एकच, "हे गाडी हायवेवर नाई चालत." लग्न झाल्यापासून तेच ऐकून राह्यली. म्हणून मी हायवेची टाकाले सांगितली. तुमचं नाव सांगून.

आता एक ध्यानात ठेवा. पुढचा एक्सल जुनाच आहे, मागच्याशी त्याचा मेळ नाई. चारही चाकांचा गिअर टाकला तं आतलं सगळं तुटन, असं मिस्त्री म्हणे. चिखलात तोच गिअर लागते, म्हणजे जीप आता धानाच्या बांधीत घालता येत नाई. मामाजींले हे तुम्हीच सांगा. मी सांगितलं तं घर डोक्यावर घेतीन.

त्यांचा चहा थर्मासमध्ये आहे. मी कुठी पळाली नाई, बांधीत धानाच्या रोवण्यावर आहे. एकटीनं जायची सोय या घरात हायेच कुठी? माझी बॅग मात्र भरून जीपमध्ये ठेवली.

उद्या गडचांदूरले नाई म्हणायचं असन तं म्हणा. पण गाडीचं नाव घेऊ नका.

मंजुषा