डायबोरेनचे बारा इलेक्ट्रॉन

३ ऑगस्ट, सोमवार
केमिस्ट्रीचे एचओडी, आमचे विभागप्रमुख, रिटायर होतायत. खुर्ची माझीच. दुसरं आहे कोण? ज्युनिअर मॅडम म्हणजे कालची पोर. शनिवारी निवड कमिटी माझ्या लेक्चरला बसणार. विषय मुद्दाम सोपा घेतलाय: हायड्राइड्स, हायड्रोजनची संयुगं. बंधांना इलेक्ट्रॉन कमी पडले की डेफिशियंट, जसं डायबोरेन. लागतील तेवढेच असले की प्रिसाइज, जसं मिथेन. भागून उरले की रिच, अमोनिया आणि पाणी. डाव्या हातचा मळ. तरी उद्या तयारी करायची. नक्की.

५ ऑगस्ट
तयारी नाही. मेव्हणे आले होते. मॅडम म्हणाल्या, डायबोरेनला मुलं अडखळतात, माझं मॉडेल नेता का? मला खेळणी लागत नाहीत, म्हटलं. लेक माझ्याच वर्गात आहे. जेवताना तिनेही डायबोरेनचाच विषय काढला. गप जेव, म्हटलं.

८ ऑगस्ट, दुपारी
अमोनिया बहारदार झाला. डायबोरेन इथेनसारखंच काढलं: दोन बोरॉन जोडलेले, प्रत्येकाला तीन हायड्रोजन. तर लेक उभी राहिली. कमिटीसमोर!
"सात बंधांना चौदा इलेक्ट्रॉन लागतात. इथे बाराच आहेत."
"घरी पुस्तकाला हात लावत नाहीस, निदान इथे तोंड बंद ठेव."
वर्ग हसला. ती खाली बसली. कमिटीने काहीतरी टिपून घेतलं. शिस्त आवडली असणार.

९ ऑगस्ट
सहज पुस्तक उघडलं. दोन हायड्रोजन दोन्ही बोरॉनच्या मधे, पुलासारखे. दोन इलेक्ट्रॉनांत तीन अणू भागवतात. म्हणजे फक्त आकृती चुकली. बायको म्हणते, पोरीची माफी मागा. घरात कशाला? उद्या वर्गातच तिचं कौतुक करीन.

१० ऑगस्ट
हजेरीतच वेळ गेला.

१३ ऑगस्ट
लेक वर्गात नाही. मॅडमच्या बॅचला गेली. अर्जावर पालकाची सही लागते. बायकोने केली.

१७ ऑगस्ट
मॅडम एचओडी. निव्वळ राजकारण. राजीनामा घेऊन तडक प्रिन्सिपलकडे गेलो. ते म्हणाले, ठेवून जा. मी म्हटलं, पुन्हा विचार करतो.

२० ऑगस्ट, संध्याकाळी
लेक टेबलाशी अभ्यास करत होती. आपण होऊन मागे जाऊन उभा राहिलो. काही अडलंय का, विचारलं. तिने वही मिटली.
"नाही, सर."
घरात सर म्हणाली. पहिल्यांदाच. आदर वाढलाय, असं धरून चालू.