मांडवाची दोरी

दादा,

मुंजीचा मांडव केवढा पडेल ते मोजायचे आहे, असे तुम्ही आप्पांना सांगितलेत आणि ते ओट्यावरून उठून स्वतः दोरीचे टोक धरून उभे राहिले. "आमच्या विसूच्या मुंजीला अख्खी पेठ जेवली पाहिजे," म्हणत हसत होते. दुसऱ्या दिवशी ते गेले.

दोरीचे दुसरे टोक दत्तोबा शेटच्या माणसाच्या हातात होते. घराच्या विक्रीचा विसार तुम्ही त्यांच्याकडून आधीच घेतला होता, आप्पांना न विचारता. मी बोलू गेले तर डोळे वटारलेत. सुतक फिटेपर्यंत मी गप्प राहिले.

आज तुम्ही कारकुनाला आणायला गेल्यावर खरेदीखताचा मसुदा वाचला. अक्षर सुरेख आहे. वडिलांनी स्वतः दोरी धरून मोजणी करून दिली, सबब विक्रीस त्यांची संमती होती, असे त्यात लिहिले आहे. आता त्यावर शेजाऱ्यांच्या साक्षी, मग चावडीचा शिक्का, की ताबा दत्तोबांचा.

वहिनीला ताप आहे, तिला उठवू नका. पानसुपारीचे तबक ओट्यावर ठेवले आहे. साक्षीदार आले तर द्या. मी चिंचवडला सासरी निघाले.

शेजारचे श्रीनिवासभट मात्र लवकर येऊन बसले होते. "आप्पांनी दोरी धरलेली मी या डोळ्यांनी पाहिली, साक्ष घालतो," म्हणाले. तेव्हा सारी आळी ऐकेल एवढ्या मोठ्याने मी सांगितले, "भटजी, आप्पांनी दोरी धरली ती नातवाच्या मांडवासाठी. घर विकायला नव्हे."