राजापुढचं प्यादं, एक घर

पनवेल, १२ ऑगस्ट १९६२

प्रिय इनॉक,

अनेक आशीर्वाद. दुसरा कागद घेत नाही, याच हवाई पत्रात मावेल तेवढं बारीक लिहिते. शेजारच्या अबीगेलच्या घरचेही तिकडे इस्रायलला निघून गेले. शुक्रवारी शब्बाथचा दिवा लावते, तेव्हा आळीत आता आपलीच एक खिडकी उजळते.

वाचनालयाची ती बुद्धिबळ स्पर्धा तुला आठवत असेल. शेवटच्या फेरीत तुम्ही बापलेकच समोरासमोर आलात. आदल्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले होते, "मला हरवलंस तर आम्ही दोघंही तुझ्याबरोबर इस्रायलला येतो. नाहीतर तू जा, आम्ही इथेच." तू हसलास. मला मात्र देवाकडे काय मागावं तेच कळेना.

जन्मभर राजापुढचं प्यादं दोन घरं टाकून डाव उघडणारा माणूस! त्या दिवशी एकच घर सरकवलं, जुन्या देशी खेळासारखं. मिठागरावरचा आनंदा मागून ओरडला, "सॉलकाका, दोन घरं जातंय ते! इसरले काय तुमी?" सगळे हसले. पुढे घोडाही फुकट गेला. मी तुझ्या चेहऱ्याकडे पाहत होते. बापाचं चारचौघांत हसं होतंय, हे तुला सोसेना. डाव तुझ्या हातात आलेला, आणि तू म्हणालास, "बाबा, बरोबरी?" त्यांनी तुझ्याकडे बराच वेळ पाहिलं नि हात पुढे केला.

तू एकटा गेलास. त्यांनी पट पुन्हा उघडला नाही.

गेल्या सोमवारी बाबा अंथरुणावरून म्हणाले, "रेबेका, प्यादं मी विसरलो नव्हतो. मला हरायचंच होतं. प्रार्थनालयाची किल्ली माझ्याकडे. ती टाकून लेकामागे जातो, असं म्हणायला तोंड नव्हतं. हरलो असतो तर शब्दासाठी जावंच लागलं असतं. पण त्यानं बरोबरी मागितली. त्याला आपण नको होतो." मी म्हणत राहिले, अहो, त्यानं तुमची लाज राखली. ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

मंगळवारी बाबा गेले. गेलेल्यामागे कद्दीशची प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात. प्रार्थनालयात सहाच जमले. बाबांना कद्दीशविना ठेवून आलो, बाळा. तुझ्या तिकडे माणसं आहेत, तू म्हण. आणि बरोबरी का मागितलीस तेही तेव्हा बाबांना सांग. मी म्हणाले तेच कारण होतं ना? मला लिहू नकोस. त्यांनाच सांग.

तुझीच, इथे उरलेली,
आई