एक खोटं वाक्य

२२ जानेवारी १९६१, रविवार

भिलाईहून दुर्गला तीनच्या खेळाला जाऊन आलो. मी, हे, आणि ह्यांच्या पोलाद कारखान्यातल्या रोलिंग मिलमधली दुभाषी बाई — तामारा. रशियन इंजिनियर बोलतात ते ती इंग्रजीत सांगते, आणि हे पुढे हिंदीत कामगारांना समजावतात. तिला हिंदी सिनेमा पाहायची हौस, म्हणून ह्यांनी बोलावलं.

सिनेमा हसण्याचा होता. एक वकील, त्याची बायको आणि बायकोची मैत्रीण. नवऱ्याचं मन मैत्रिणीवर जातं, आणि मैत्रिणीला तर बायकोशिवाय करमत नाही. बायको निनावी पत्र लिहून मैत्रिणीवर चोरीचा आळ घालते. मैत्रीण गाडीत बसते. मग नवरा-बायको दोघंही धोतर-पदर सावरत फलाटावर धावतात, गाडी थांबवतात, आणि शेवटी तिघं एका ताटात भजी खातात. लोक हसून लोळले.

हे आमच्या दोघींच्या मधे बसले होते. प्रत्येक गंमत तिच्या कानाशी इंग्रजीत सांगत. त्यामुळे सगळे हसून गप्प झाले की मग ती हसायची, एकटीच. आणि तिच्याबरोबर हे पुन्हा हसायचे.

माझ्याकडे एकदाही वळले नाहीत. मला हिंदी समजतं, मला काय सांगायचं म्हणा.

२६ जानेवारी

सुट्टी. हे परेडला गेले. मी झुणक्यासाठी पीठ घेऊन बसले तर दारात तामारा! एकटीच चालत आली. माझ्यासारखीच खाली पाटावर बसली. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची नाही. हातवारे करत तिनं विचारलं — मुलं?

मी नाही म्हणून मान हलवली. तिला वाटलं असावं की तिनं चूक केली. मग तिनं परातीतल्या पिठात बोटानं पाच ठिपके काढले. एकावर बोट ठेवून म्हणाली, तामारा. बाकीचे चार एकेक करून पुसले. बंदुकीसारखा हात केला. तिची माणसं लढाईत गेली.

मी त्याच पिठात दोन ठिपके काढले. आणि पुसले.

सहा वर्षांत हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आईलाही पहिलं गेलं तेवढंच माहीत. तामारा बराच वेळ माझा हात धरून बसली. मग दोघींनी त्याच पिठाचा झुणका केला. तिखटानं तिच्या नाकातून पाणी आलं, तरी दोनदा मागून खाल्ला.

५ फेब्रुवारी, रविवार

शेजारच्या सिंधुताई लोणचं द्यायला आल्या. जाताना दारात थांबल्या.

"कमल, मी सांगून राहिली ते मनावर नको घेऊ. पण तुह्ये साहेब सुट्टी झाल्यावर त्या रशियनबाईसंगं लायब्ररीसमोरच्या बाकावर बसले असतेत. मी तीनदा पाह्यलं. तिच्याजवळ कागद असतेत, अन् दोघं त्यात डोकं घालून. कावून बसतेत, तूच इचार."

संध्याकाळी विचारलं. "उशीर कावून होऊन राहिला आजकाल?"

"काम होतं," एवढंच.

९ फेब्रुवारी

आजही उशीर. आजही काम.

१२ फेब्रुवारी, रविवार

सिंधुताईंसोबत तोच सिनेमा पुन्हा पाहिला. ह्यांना सांगितलं नाही. बायको पत्र लिहिते तिथे मी सगळ्यात जास्त हसले. सिंधुताई म्हणाल्या, "असंच पाह्यजे तिले!"

१४ फेब्रुवारी

लिहिलं.

हे कामावर गेल्यावर, डाव्या हातानं. मराठीतच लिहिलं, कारण हिंदी वाचते तसं लिहिता येत नाही. आणि भिलाईत विदर्भातली माणसं काय कमी आहेत? कोणीही लिहिलं असेल. पत्ता मोठ्या साहेबांचा.

लिहिलं की ती दुभाषी बाई एका लग्न झालेल्या इंजिनियरसोबत रोज बसते. ह्यांचं नाव घातलं नाही. एवढं वाचून कोणी काही करणार नाही असं वाटलं. म्हणून खाली अजून एक वाक्य लिहिलं — "कारखान्याचे कागद ती बाहेर घेऊन जाते."

हे मी पाहिलेलं नाही. सिनेमातल्या बायकोनंही काही पाहिलं नव्हतं.

पेटीत टाकून आले. येताना पाय हलके वाटत होते, हे इथे लिहून ठेवते.

१६ फेब्रुवारी

तामारा आली होती. मी दार अर्धंच उघडलं आणि कपाळाला हात लावून डोकं दुखतं असं दाखवलं. तिनं पिशवीतून दोन संत्री काढून उंबरठ्यावर ठेवली. दार लावल्यावर मी ती तशीच राहू दिली. नंतर उचलून आणली. खाल्ली नाहीत.

२७ फेब्रुवारी

काहीच झालं नाही. पत्र कोणी केरात टाकलं असेल. तसंच असू दे. देवाजवळ तेच मागितलं.

६ मार्च

जेवताना हे म्हणाले, "मिस तामारा परत जाऊन राहिली. शुक्रवारी."

"कावून?"

"तक्रार आली होती. तिच्याच लोकांनी ठरवलं, इथं ठेवायचं नाही."

मी भात वाढला. त्यांनी खाल्ला. मी पण खाल्ला.

सांगायला तीन दिवस आहेत.

९ मार्च

सांगितलं नाही.

१० मार्च, शुक्रवार

दुर्ग स्टेशन. तिला पोचवायला तिच्या लोकांपैकी एक साहेब, आणि आम्ही दोघं. बाकी कोणी आलं नाही. तक्रार झालेल्या माणसाजवळ कोण उभं राहणार?

तिनं करडा कोट घातला होता, एवढ्या उन्हात. सामानात मावला नसेल. डब्यात चढायच्या आधी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मुलं कविता म्हणताना उभी राहतात तशी. आणि म्हणाली —

"कमल, मी जाऊन राहिली. तू रडू नको. तुह्या झुणका मले लई आवडला."

मराठीत. आपल्या नागपूरकडच्या मराठीत! 'तुझा'ला 'तुह्या' म्हणाली. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे रुळांकडे पाहत होते.

"तुझ्याशी बोलायचं म्हणून शिकत होती," ते म्हणाले. "तुले सांगू नका म्हणे. एकदम बोलून दाखवणार होती."

तिनं माझ्या हातात एक वही दिली. मी तिला मिठीही मारली नाही. तिनं मारली. तेव्हा सांगता आलं असतं. ते साहेब तिथेच उभे होते, हे भाषांतर करायला होते, सगळे होते.

गाडी सुटली. कोणी धावलं नाही.

११ मार्च

वही पाहिली. डावीकडे तिची अक्षरं, उजवीकडे ह्यांच्या हातची मराठी. बस. जेव. पाणी दे. तुझी आई कुठं राहते? एका पानावर फक्त माझंच — कमल हसली, कमल रागावली, कमल कुठं गेली?

शेवटी लिहिलेलं पान १६ फेब्रुवारीचं. "डोकं दुखते का? मी दाबून देऊ?" त्या दिवशी माझ्या दारातून ती बाकावर गेली असेल, आणि हे विचारून घेतलं असेल.

बाकावरचे कागद हेच. मी कारखान्याचे म्हणाले ते.

१३ मार्च

स्वयंपाक करवत नाही. पिठाच्या डब्यात हात घातला की तिची बोटं दिसतात. ह्या वसाहतीत बोलायला बायका पुष्कळ आहेत. ऐकायला एकच आली होती, आणि तिला माझं बोलणं समजतही नव्हतं.

१७ मार्च, पाडवा

गुढी उभारली. हे दिवसभर गप्प. मला वाटतं माझ्या उतरलेल्या तोंडाकडे पाहून गप्प असतात. त्यांनी काहीच केलेलं नसताना मी त्यांच्यावर नाही तो संशय घेतला. रविवारी सांगून टाकते. मग जे म्हणतील ते.

१९ मार्च, रविवार

सांगितलं. जेवणं झाल्यावर.

हे म्हणाले, "मले माहीत आहे."

पत्र मराठीत, आणि मोठे साहेब मद्रासचे. इंग्रजी करून द्या म्हणून पत्र ह्यांच्याच टेबलावर ठेवलं होतं. "डाव्या हातानं अक्षर बदलते. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका त्याच राहतात."

"मग ते कागदांचं वाक्य? ते खोटं आहे हे तुम्हाले तर माहीत होतं."

"होतं. तरी शब्दाला शब्द ठेवून करून दिलं."

"तेवढं गाळलं असतं तर ती राहिली असती."

"हो," म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता — "राहिली असती, अन् मी रोज त्या बाकावर जात राहिलो असतो. म्हणूनच नाही गाळलं."