नाव ठरायच्या आधी

मी, श्रीमती चंद्रभागा कमळाकर कराळे, वय त्र्याहत्तर, धंदा पूर्वी स्वयंपाकाचा व आता आरामाचा, राहणार भिवपुरी, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, आज रोजी स्वखुशीने आणि चहा पिऊन झाल्यावर हे मृत्युपत्र करून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी आज वार कोणता ते विचारलं. मी वार सांगितला, तिथी सांगितली आणि त्यांच्या शर्टाचं बटण लोंबतंय तेही सांगितलं. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. होतं ते गेल्या रविवारी उतरलं, म्हणूनच हे नव्याने लिहावं लागत आहे.

१. सन २०२१ मध्ये मी केलेलं मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावं. त्यात घर, जमीन, पोस्टातली शिल्लक, सगळं मी माझ्या भावाचा मुलगा गजा पोशा ठोंबरे याला दिलं होतं. त्याची सख्खी बहीण समिधा हिला साधी वाटीसुद्धा ठेवली नव्हती. हे समिधाच्या कानावर गेलं आणि तिचं मोहोपाड्याहून माझ्याकडे येणं बंद झालं. तिचं काही चुकलं नाही. तिला कारण सांगायची माझी छाती नव्हती, कारण ते मी एक्कावन्न वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं.

२. ते कारण असं. सन १९७४ मध्ये मी भिवपुरीच्या वसाहतीत एका साहेबांकडे स्वयंपाकाला होते. त्यांचा मुलगा नीलेश दीड वर्षाचा, माझ्या कडेवरून खाली उतरत नसे. त्याच सुमारास माझा भाऊ पोशा याच्या बायकोला, जनीला, दिवस गेले होते. आमच्या घरात बाळाचं नाव ठेवायचा मान सगळ्यात मोठ्या आत्याचा, म्हणजे माझा. मुलगा झाला तर नीलेश, हे मी नऊ महिने गावभर सांगत होते. आमच्या गावात तेव्हा एकही नीलेश नव्हता. मुलगाच झाला, आणि मी धावत बाईंना, म्हणजे साहेबांच्या बायकोला, सांगायला गेले.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसल्या. म्हणाल्या, "अगं चंद्रभागा, नाव घराला शोभायला नको का? उद्या तुमच्या बांधावरून कोणी हाक मारायचं आणि आमचा मुलगा वळून बघायचा. तुमच्यात कशी पोशा, जनी, गजा अशी नावं असतात, तीच छान वाटतात." मग आत गेल्या आणि नीलेशचा चांदीचा करदोटा आणून माझ्या हातावर ठेवला. "हा तुझ्या भाच्याला. नाव मात्र दुसरं ठेव हं."

मी तो घेतला. नोकरी जाईल म्हणून घेतला, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खरं म्हणजे चांदी दिसली आणि मूठ मिटली. बारशाला जोशीबुवांनी 'ग' अक्षर काढलंय अशी थाप मारली आणि पाळण्यात वाकून बाळाच्या कानात गजा म्हणून सांगितलं. जनीचं तोंड उतरलं. "वन्सं, तुमी तं नीलेश म्हणत व्हत्या ना?" मी म्हटलं, अक्षरापुढे कोणाचं चालतं का. पोशा आणि जनी दोघंही आता नाहीत. त्यांना मी खरं सांगितलं नाही, हे एक राहूनच गेलं. करदोटा भाच्याच्या कंबरेला कधी लागला नाही.

३. गजाला शाळेत एक गुरुजी हजेरी घेताना रोज विचारत, "काय गजा, गुरं बांधलीस का?" आणि वर्ग हसे. आमच्याकडे गुरं नव्हतीच. सातवीत त्याने शाळा सोडली आणि चौक गावच्या हायवेवर गॅरेजात लागला. शाळा नावापायी सुटली की गणितापायी, हे मला शपथेवर सांगता येणार नाही. पण दोष मी माझ्याकडे घेतला. समिधा झाली तेव्हा मी हट्टाने ते नाव ठेवलं, आणि पुढे म्हातारपणी सगळी मिळकत गजाच्या नावावर करून मोकळी झाले. म्हणजे मोकळी झाले असं मला वाटलं. एकाचं नुकसान भरून काढताना दुसरीला उपाशी ठेवत होते, हे कळायला मला चार वर्षं लागली.

४. या महिन्याच्या पाच तारखेला गजाचा मुलगा रूपेश याला मुलगी झाली. रविवारी मी बाळ बघायला चौकला गेले. रूपेशची बायको हर्षला हिने मोबाईलमध्ये चौदा नावं काढून ठेवली होती. ती वाचून दाखवायला लागली, तशी मी नाक मुरडलं. म्हटलं, ही काय माणसांची नावं का साबणांची? तिने मोबाईल खाली ठेवला. ती पनवेलला एका कंपनीत नोकरभरतीच्या कामावर आहे.

"आत्याआजी, मी रोज अर्ज बघते," ती म्हणाली. "वरचे साहेब शिक्षण नंतर वाचतात. नाव बघूनच म्हणतात, हा आपल्यातला वाटत नाही, राहू दे. दोन गठ्ठे होतात. माझी मुलगी त्या दुसऱ्या गठ्ठ्यात जायला नको. तुमचा मान आहे मला माहीत आहे, पण कुठलंही नाव ठेवू नका हो."

तिचे डोळे भरले होते. ओली बाळंतीण, पाच दिवसांची, आणि माझ्यासारख्या म्हातारीला घाबरून बसलेली. मला बाईंचं हसणं आठवलं. मी गजाला खालून गॅरेजातून वर बोलावलं आणि सगळ्यांसमोर, करदोट्यासकट, सगळं सांगून टाकलं.

गजा हात पुसत राहिला. मग म्हणाला, "आत्या, खोपोलीपास्नं हितपतूर नीलेश नावाची तीन गॅरेजं हायत. गजा येकच. गाडी बंद पडली का लोक गजा कुठं हाय इचारतात. माजं काय बी नुसकान झालेलं नाय." मी सुटकेचा श्वास टाकणार, तेवढ्यात आवाज चढवून म्हणाला, "पन त्या बाईचा राग आला मला. आनि समीला तू सगळ्यातनं काढलीस, त्याचा त्याहून जास्त आला. तिनं काय केलं व्हतं गं? मला नको तुजं सगळं."

मी रडले. इतक्या वर्षांचं रडू, पण अर्ध्या तासात आटपलं, याचं मलाच नवल वाटलं. त्या दिवशी मी दोन वेळा पोटभर जेवले. गजाने फोन करून सगळं सांगितलं, तशी सोमवारी समिधा आली. चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "एवढंच व्हतं व्हय? मी चार वर्सं डोकं फोडतेय, माजं काय चुकलं म्हनून." मग आम्ही दोघींनी वाल सोलले. सबब पुढीलप्रमाणे वाटणी करते.

५. भिवपुरीचं तीन खोल्यांचं घर गजा व समिधा यांना निम्मं निम्मं. पोस्टातली शिल्लक एकट्या समिधाला. त्यावर गजाने स्वतः मान डोलावली आहे.

६. करदोटा कोणी शोधत बसू नये. मंगळवारी गजाने तो माझ्यादेखत सोनाराकडे मोडला. त्या पैशात मी, गजा आणि समिधा यांनी मिसळ खाल्ली आणि उरलेल्यात मला नवा चष्मा केला. हे मृत्युपत्र त्याच चष्म्यातून वाचून घेतलं आहे.

७. लग्नाच्या स्वयंपाकाची माझी मोठी पातेली, दोन पराती, झारे आणि पुरणयंत्र भाग्यश्रीला द्यावं. तिची आई वाडीवरून मोळी घेऊन यायची आणि पोरीला "भाग्यश्री" म्हणून हाक मारायची, तेव्हा मी मोठ्याने म्हटलं होतं, डोक्यावर मोळी आणि नाव भाग्यश्री! बायका हसल्या होत्या. म्हणजे बाईंनी मला जे केलं तेच मी खालच्या पायरीवर केलं, करदोटाही न देता. भाग्यश्री आज चार बायकांना घेऊन दोनशे पानांचं जेवण उठवते. तिने मला माफ केलंच पाहिजे असं नाही. भांडी मात्र घ्यावीत.

८. बाई वारल्या. नीलेश गेल्या वर्षी परदेशातून मुलीला घेऊन मला भेटायला आला होता. मुलीचं नाव विचारलं तर म्हणाला, जनी. अस्सल, मातीतलं नाव हवं होतं म्हणे. मला चहा ओतता ओतता जे हसू आलं ते थांबेना. तो बिचारा बघतच राहिला. आमच्यात ते नाव टाकून पन्नास वर्षं झाली. नीलेशवर माझा जीव आहे आणि त्या पोरीवरही. बाईंना मी या लेखाने माफ करते, पण पुरतं नाही. बाई किती चांगल्या होत्या हे सांगायला वसाहतीतल्या कोणी माझ्या दहाव्याला येऊ नये.

९. या सगळ्याची व्यवस्था बघायला शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर प्रबुद्ध ओव्हाळ यांना नेमते. त्यांच्या वडिलांनी १९५८ साली हे नाव ठेवलं, तेव्हा गावातले काही लोक त्यांना मुद्दाम दुसऱ्याच नावाने हाक मारत. लहान असूनही ते ओ देत नसत. असा माणूस कागदातलं एक अक्षर इकडचं तिकडे होऊ देणार नाही.

१०. घरामागची आठ गुंठे भातजमीन मी रूपेश व हर्षला यांच्या मुलीला देते. ती सज्ञान होईपर्यंत हर्षलाने सांभाळावी. वकील धनेश म्हणाले, "आजी, रविवारी बारसंच आहे, तीन दिवस थांबा. नाव नसलेल्या माणसाला जमीन कशी लिहायची?" मी म्हटलं, लिहा, कायद्यात बसेल असं लिहा. त्यांनी लिहिलं ते असं: दिनांक ५ नोव्हेंबर २०२५ रोजी जन्मलेली, हर्षला रूपेश ठोंबरे हिची कन्या.

नाव निवडायचा मान मी हर्षलाला सोडला आहे. ती म्हणेल ते नाव मी रविवारी बाळाच्या कानात सांगेन; जीभ वळली नाही तर दोनदा सांगेन. ते कोणतं हे मला आज माहीत नाही आणि मी विचारलेलंही नाही. पुढे या पोरीला शाळेत घेणारे, कामाला बोलावणारे, बघायला येणारे, सगळे आधी तिचं नाव वाचतील आणि मग तिला काय द्यायचं ते ठरवतील. एका माणसाने तरी तिला नाव न वाचता दिलेलं असावं. म्हणून सही आज करते.

स्थळ: कर्जत
दिनांक: १३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

लिहून ठेवणार: चंद्रभागा कमळाकर कराळे (सही स्वतःच्या हातची)

आम्हा दोघांच्या देखत आजींनी वाचून घेऊन सही केली, आणि आम्ही त्यांच्या देखत केली:
१. कमलेश बडेकर, दूध डेअरी, भिवपुरी
२. विकास मसणे, रिक्षाचालक, भिवपुरी